डुप्लिकेट नसलेलं कुलूप

मंगळवारी दुपारी साहेबांची मुलगी वारली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. उस्ताद सायकलवरून आले आणि चला म्हणाले. आम्ही घरी पोचलो तेव्हा साहेब खोलीच्या दारात उभे होते. मावशी मुलीच्या उशाशी बसल्या होत्या. टेबलावरचं यंत्र चालू होतं. साहेब आत गेले, त्यांनी ते बंद केलं, बाहेर आले, कमरेची किल्ली काढली आणि दाराला कुलूप लावायला लागले. मग मुलगी आत आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी किल्ली परत खोचली.

साहेब माझे घरमालक, मावशी त्यांची बायको. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता आणि मी तिथल्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नुकताच लागलो होतो. त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली मला भाड्याने मिळाली. खोली दाखवताना त्यांनी खिडकीतून काय दिसतं, पाणी कुठून भरायचं यातलं काही सांगितलं नाही. कडी कशी बसते, कोयंडा भिंतीत किती खोल गेला आहे आणि कुलूप लावल्यावर ते किती वेळा ओढून बघायचं, एवढंच सांगितलं. ओढायचं तीनदा. पहिल्यांदा आपल्यासाठी, दुसऱ्यांदा चोरासाठी, तिसऱ्यांदा तपासणी अधिकाऱ्यासाठी.

त्यांची सगळी नोकरी तालुक्यांच्या खजिन्यांत गेली होती. निजामाच्या राज्यात ते कारकून म्हणून चिकटले, राज्य गेलं तरी खजिना राहिला, आणि ते एका तालुक्याहून दुसऱ्या तालुक्याला खजिन्याबरोबर फिरत राहिले. सरकारी खजिन्याच्या खोलीला दोन कुलपं असतात. एकाची किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसऱ्याची कॅशियरकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. या रिवाजावर साहेबांची श्रद्धा होती. सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे ते हात जोडत तेव्हाही कमरेच्या जुडग्याला त्यांचा एक हात लागलेला असे, असं मावशी म्हणायच्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी तो रिवाज घरी आणला. स्वयंपाकघरातल्या साखरेच्या कपाटाला दोन कुलपं होती. एक किल्ली त्यांच्याकडे, एक मावशींकडे. साहेब बाजारात गेलेले असले आणि पाहुणा आला तर पाहुण्याला ते येईपर्यंत थांबावं लागे, नाहीतर गुळाचा चहा प्यावा लागे. लोणच्याच्या बरणीला लाखेचा शिक्का असायचा. मी एकदा त्यांना विचारलं की घरात तुम्ही तिघंच, चोरणार कोण. ते म्हणाले, "चोराचा सवाल न्हाई, लायब्ररीवाले. एकट्या मानसाला एकट्यानं इमानदार ऱ्हावं लागू नये. लई तकलीफ असते त्यात." मावशी आतून म्हणाल्या, "तकलीफ आमाला बी हाय. साखर घ्यायची तर नवऱ्याशी संगनमत करावं लागतंय."

मुलगी हसली. तिचं हसू आवाजाने मोठं आणि शरीराने लहान होतं, कारण तिला मान फारशी हलवता येत नसे. लहानपणी आलेल्या तापात तिचे पाय गेले होते आणि नंतर हळूहळू हातांची पकड गेली. पेन बोटांत धरलं की निसटायचं. मॅट्रिकची परीक्षा तिने लेखनिक घेऊन दिली आणि चांगल्या गुणांनी पास झाली. मी ग्रंथालयातून तिच्यासाठी पुस्तकं आणत असे. मावशी पानं उलटत. तिच्या वेगाने उलटायची त्यांना सवय झाली होती. ती नुसती नाकाने श्वास सोडायची आणि मावशी पान उलटायच्या.

एकदा ती मला म्हणाली, "सर, मी आयुष्यात एक वाक्य असं लिहिलं नाही, जे आधी दुसऱ्या कुणी ऐकलं नाही." तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. नंतर म्हणाली, "मामाला पत्र लिहायचं तर आईला सांगावं लागतं. आई रागवली असं लिहायचं असलं तरी आईलाच सांगावं लागतं." मावशी शेजारीच गहू निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मग? लिवलं की न्हाई म्या? शब्दाला शब्द लिवलं."

मामा, म्हणजे मावशींचा धाकटा भाऊ, मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. त्याने परदेशात घरगुती कॉम्प्युटरचे सुटे भाग विकत मिळतात असं ऐकलं, एक संच घेतला आणि मुंबईहून ट्रकने पाठवून दिला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटर हा शब्द आमच्या कॉलेजात दोन प्राध्यापकांनी वाचला होता, बघितला कुणीच नव्हता. खोकं वारंगा फाट्याला उतरलं. साहेब तिथे जाऊन बसले आणि तिथून हिंगोलीपर्यंत दुसऱ्या ट्रकमध्ये खोक्याशेजारी मागे बसून आले. ड्रायव्हरने पुढे बसा म्हणून पुष्कळ सांगितलं. खजिन्याची रक्कम नेताना माणूस रकमेजवळ बसतो, असं त्यांनी त्याला समजावलं.

भाग जोडले उस्तादांनी. उस्ताद म्हणजे बाजारातले रेडिओ दुरुस्त करणारे. गावात सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत. मामाने एक जुना टीव्हीही पाठवला होता. आमच्या भागात टीव्हीचं प्रक्षेपण नव्हतं. त्यामुळे गावातल्या पहिल्या टीव्हीवर फक्त इंग्रजी अक्षरं दिसत. शेजारच्या बायका बघायला आल्या, थोडा वेळ बसल्या, आणि यात माणसं कवा येतात म्हणून विचारून गेल्या. मुलीने दोन बोटांनी बटणं दाबली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द उमटला: आई. मावशींना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. मुलीने वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी टीव्हीच्या काचेला हात लावून बघितला.

लिहिलेलं साध्या कॅसेटवर साठवता येत असे, आणि ती कॅसेट कुणालाही लावून वाचता येत असे. तेव्हापासून साहेबांना झोप येईना. पेटीचं झाकण मुलीला उचलता येत नव्हतं, किल्ली फिरवता येत नव्हती. कागद ती लपवू शकत नव्हती. शब्द मात्र तिला टाइप करता येत होता. म्हणजे शब्दाचं कुलूप हे जगातलं एकच कुलूप होतं जे तिला स्वतःच्या हाताने लावता आलं असतं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जरा वेगळा झाला होता.

यंत्र चालू केलं की सगळ्यात आधी एक प्रोग्राम जागा होतो आणि बाकीच्यांना कामं वाटून देतो. कुणाला काय दाखवायचं, काय ठेवायचं, कुठून आणायचं, हे तो ठरवतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. साहेब त्याला कारभारी म्हणत. कारभारी कुठला ठेवायचा हे मालकाने निवडायचं असतं, आणि ही निवड चुकली तर बाकीची कुलपं लटकवून उपयोग नाही, हे त्यांनी पुस्तिकेतून शोधून काढलं. ती पुस्तिका इंग्रजीत होती. मी त्यांना ग्रंथालयातला मोठा शब्दकोश आणून दिला. त्यांनी तो परत केला तेव्हा त्याची पाठ सुटली होती आणि त्यांनी ती स्वतः खळीने चिकटवली होती.

पहिला कारभारी यंत्राबरोबरच आला होता. त्याला कुठल्याही खणात काय आहे विचारा, तो सांगून टाकायचा. विचारणारा कोण, हे तो विचारत नसे. साहेबांनी त्याला नापास केलं. दुसरा मामाने कॅसेटवर पाठवला. तो सुरुवातीलाच परवलीचा शब्द मागायचा, चुकीचा दिला तर गप्प बसायचा. उस्ताद खूश झाले. साहेब दिवाळीपासून होळीपर्यंत त्याची एकेक आज्ञा तपासत बसले आणि शेवटी त्यांना आढळलं की तो परवलीचा शब्द त्याच कॅसेटच्या टोकाला ठेवलेला आहे, फक्त उलटा करून. "किल्ली कुलपाच्याच खिळ्याला टांगलीय," ते म्हणाले. अशा कॅशियरला त्यांनी एकदा निलंबित केलं होतं.

तिसरा एका परदेशी मासिकात छापलेला होता. तो टाइप करून घ्यायला साहेबांना उन्हाळा लागला. याची रीत निराळी होती. तो परवलीचा शब्द कुठेच ठेवत नसे. लिहिलेल्या मजकुरात तो शब्द कालवून टाकायचा. बरोबर शब्द दिला तर मजकूर परत मिळायचा, चुकीचा दिला तरी काहीतरी मिळायचंच, पण ते नुसतं अक्षरांचं पीठ. साहेबांना हा पसंत पडला. त्यांनी मुलीला सांगितलं, एक शब्द घेऊ नको, शब्द कुणीही ओळखतो. आख्खी ओळ घे. कोणत्या पुस्तकातली घेऊ नको, गाण्यातली नको. तुझ्या मनची घे.

दोन कुलपं असावीत ही त्यांची इच्छा होती. एक ओळ तिची, एक त्यांची. दोन्ही दिल्याशिवाय उघडू नये. मुलगी म्हणाली, "म्हणजे मला लिहायचं असलं की तुम्हाला बोलवायचं. मग आईनं काय घोडं मारलंय?" ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली ओळ काढून टाकली. मी त्यांना तीन-चार वर्षं रोज बघत होतो. त्या माणसाने एकाच किल्लीचं कुलूप मान्य केलं, यापेक्षा मोठी गोष्ट त्यांनी केलेली मला माहीत नाही.

राहिली डुप्लिकेट. खजिन्याच्या किल्ल्यांच्या डुप्लिकेट सीलबंद करून दुसरीकडे ठेवतात. मासिकातल्या कारभाऱ्यालाही तशी एक होती. विसरणाऱ्यांसाठी म्हणून त्याच्या कर्त्याने आपला एक शब्द आत घालून ठेवला होता, तो दिला की सगळं उघडायचं. साहेबांनी तो शोधून काढला. मावशी म्हणाल्या, असू द्या, घरात एक तरी असावी, तिला काही झालं तर. साहेब मुलीकडे बघत राहिले. ती म्हणाली, "बाबा, डुप्लिकेट आहे म्हटलं की लिहिताना मला ती आठवेल."

साहेबांनी तो शब्द पुसला. मग आम्हा दोघांना, मला आणि उस्तादांना, त्यांनी तपासणीला बसवलं. आम्ही आठवडाभर झटलो. उस्ताद म्हणाले, "साब, ये तो कबर है. एक बार बंद, बंद." साहेबांनी त्यांना पेढे दिले.

त्यानंतर दुपारी खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि आतून बटणांचा आवाज यायचा. थांबत थांबत, दोन बोटांचा. कधीकधी आत ती एकटीच हसायची. मावशी दाराबाहेर बसून भाजी निवडायच्या. काय लिहिते म्हणून विचारलं तर ती आतून म्हणायची, "तुझी चुगली." मावशी म्हणायच्या, "लिव, लिव. सगळं लिव." पण भाजी त्या तिथेच बसून निवडायच्या.

ती गेली त्या आधीच्या हिवाळ्यात मावशींची कंबर धरली. मुलीला उचलणं, न्हाऊ घालणं, सगळं त्याच करत. एका दुपारी शेजारीण आली होती. तिच्याशी बोलता बोलता मावशी म्हणाल्या की माझ्या आधी ही गेली तर बरं, माझ्यामागं हिचं कोण करील. आमच्याकडे अशा लेकरांच्या आया हे म्हणतात. त्यात प्रेमाशिवाय काही नसतं. मी ओट्यावर होतो, मला ऐकू आलं. साहेबांनाही आलं. खोलीचं दार लोटलेलं होतं. आत बटणांचा आवाज थांबला, की आधीच थांबलेला होता, हे कुणालाच सांगता येणार नाही. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला आणि दिवेलागणीपर्यंत चालू राहिला.

त्यावर घरात कुणी बोललं नाही. मुलगी पूर्वीसारखीच होती. पुढे तिला ताप आला, उतरला, आणि मग तो मंगळवार.

महिन्याभराने मावशींनी मला आणि उस्तादांना बोलावलं. सतरंजी टाकली होती. चहात साखर होती, आणि साहेब तर नुकतेच झोपेतून उठून येत होते. मी स्वयंपाकघराकडे बघितलं. कपाटाची दोन्ही कुलपं तुटून खाली पडली होती आणि शेजारी वरवंटा होता.

मावशींनी मोठा आवाज केला नाही. त्यांनी साहेबांना एक जुनी गोष्ट आठवून दिली. ते एका तालुक्याला असताना त्यांचा कॅशियर शेतात साप चावून मेला. किल्ली सापडली नाही. तेव्हा साहेबांनी दोन पंच बोलावले, पंचांसमोर कुलूप तोडलं आणि आतला नग न् नग मोजून घेतला. नियमच तसा आहे, असं ते तेव्हा घरी येऊन म्हणाले होते.

"हे दोन पंच," मावशी म्हणाल्या. "तोडा आता."

साहेबांनी सतरंजीचा काठ सरळ केला. मग म्हणाले, "त्या खोलीतला पैसा सरकारचा व्हता. सरकार मेलं नव्हतं. इथं ज्याचं हाय, तेच गेलं."

"मला तिची चुगली ऐकायची हाय. माझी केलेली. हे लायब्ररीचे भाऊ वाचून दाखवतील."

"न्हाई."

"तिनं त्या दिशी ऐकलं का न्हाई, एवढंच बघा. दुसरं काही सांगू नका मला. ऐकलं असंल तर काय लिवलं, तेवढंच."

साहेबांचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला.

"उघडता येतं का तुमाला?" मावशींनी विचारलं.

"येतं," साहेब म्हणाले. "उघडनार न्हाई."

मावशी उठल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या. त्या दिवसानंतर त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. चहा झाला की मला सांगायच्या, भाऊ, त्यांना म्हणावं चहा झाला. मी नसलो तर भांडं जमिनीवर आपटायच्या. परत जाताना उस्ताद मला म्हणाले की साहेब सच्चा माणूस आहे, पण असं सच्चेपण अल्लाने कुणाला देऊ नये. मलाही तेव्हा साहेब कठोर वाटले, आणि मनातून मोठेही वाटले.

उन्हाळ्यात कॉलेज सकाळचं असे. एका दुपारी मी घरी आलो तर मावशी पुसेगावला बहिणीकडे गेलेल्या. खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून बटणांचा आवाज येत होता. मी जागीच उभा राहिलो. मग दार ढकललं.

साहेब यंत्रापुढे बसले होते. पडद्यावर अक्षरांचं पीठ होतं. त्यांनी मला बघितलं, पण दचकले नाहीत. बाजूची खुर्ची ओढून दिली.

मुलगी गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून ते रोज बसत होते. मावशी विहारात गेल्या की, बाजारात गेल्या की, झोपल्या की. कुलूप त्यांनी स्वतः बांधलं होतं, पण ते त्यांना उघडत नव्हतं. पंचांसमोर येतं म्हणाले तेव्हाही उघडत नव्हतं. त्यांना आठवेल ती प्रत्येक ओळ त्यांनी देऊन बघितली होती: ती लहानपणी म्हणायची ती, कुत्र्याला हाक मारायची ती, मामाच्या पत्रात शेवटी घालायची ती. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचं म्हणजे एकच ओळ पाच-सहा तऱ्हांनी लिहिता येते. त्या सगळ्या तऱ्हा. शेजारणीला मावशी जे बोलल्या, ते वाक्यही त्यांनी देऊन बघितलं होतं. तेच सगळ्यात पहिल्यांदा दिलं होतं.

"उघडलं न्हाई," ते म्हणाले. "त्या दिशी मला जरा बरं वाटलं."

मग त्यांनी मला विचारलं की मी तिला कोणकोणती पुस्तकं दिली होती, तिला कुठली ओळ आवडायची, कुठे ती पान उलटू देत नसे. पुस्तकातली ओळ घेऊ नको असं त्यांनीच तिला सांगितलं होतं. तिने ऐकलं नसेल, एवढीच त्यांना आशा होती. मी ग्रंथालयातून ती सगळी पुस्तकं परत आणली. पूर्ण उन्हाळा आम्ही दुपारी बसलो. बाहेर रस्त्यावर औंढ्याच्या यात्रेकरूंच्या गाड्या जायच्या, वीज जायची, यायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. मी वाचायचो, ते टाइप करायचे, आणि पडद्यावर पीठ यायचं. मी नोकरीत इतकी वर्षं पुस्तकांमध्ये काढली. पुस्तकं इतकी निरुपयोगी मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा एके दिवशी त्यांनी हात मांडीवर ठेवले. "लेकरानं माझं ऐकलं," ते म्हणाले. "कधी न्हाई ते ऐकलं."

मी त्यांना म्हटलं की आता मावशींना खरं सांगा. उघडत नाही म्हणून सांगा. त्या तुमच्याशी बोलतील तरी.

ते म्हणाले, "आता तिला वाटतं, माझ्या लेकीनं काय लिवलंय ते त्या पट्टीत हाय, माफ केलं असंल तर ते बी तिथंच हाय, अन् ह्या मानसानं दाबून धरलंय. म्हंजे हाय कुटंतरी. आज न्हाई तर उद्या ह्याचं मन पाघळंल. म्या म्हनलं की उघडतच न्हाई, तर ती कुनाकडं मागंल? कुनावर रागवंल?" मग स्वतःच म्हणाले, "सोतावरच की."

मी पुस्तकं गोळा करायला लागलो. मग ते बंद पडद्याकडे बघत म्हणाले की अजून एक गोष्ट आहे. मुलगी यंत्रापुढेच कलंडली होती. मावशींनी तिला उचलून खाटेवर निजवलं आणि त्या तिच्याजवळ बसून राहिल्या. यंत्र चालू होतं. ओळ तिने दिलेली होती. सगळं उघडं होतं. पडद्यावर तिची अक्षरं होती.

"मी वाचली न्हाईत. नजर खाली घातली अन् बटन बंद केलं. अधिकारी उठला की पेटी बंद करायची, ही सवय." ते हातांकडे बघत होते. "अन् तिनं सांगितलं व्हतं ना, कुनी बघायचं न्हाई म्हनून."

बटण बंद केलं की यंत्राला काही आठवत नाही. त्या दिवशीचं पान कॅसेटवरही गेलेलं नव्हतं. उघडत नाही असं कबूल केलं असतं, तर ते उघडं असताना आपणच बंद केलं हेही त्यांना मावशींना सांगावं लागलं असतं.

मावशींना ते खोटं का सांगत होते, याची त्यांनी मला दोन कारणं दिली. खरं कुठलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला ठरवता आलेलं नाही. त्यांनाही आलं असेल असं वाटत नाही.

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. कुलपं ओढून बघणं हळूहळू सुटलं. शेवटी शेवटी तर घराचा पुढचा दरवाजा नुसता लोटलेला असायचा आणि ते त्याकडे पाठ करून बसायचे. पूर्वी ते दाराकडे पाठ करून कधी बसले नव्हते. माझी बदली झाली नाही, लग्न झालं, मी बायकोला घेऊन त्याच घरात राहिलो. मावशींचा निरोप त्यांना आणि त्यांचा निरोप मावशींना मीच देत असे. निरोप चहाचे, औषधाचे आणि वीजबिलाचे असत. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मावशी त्यांच्या पायाशी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, त्यांना इचारा, आता तरी सांगता का." मी वाकून विचारलं. साहेबांनी मान हलवली. नाही म्हणून हलवली. मावशींनी ती बघितली आणि त्या बाहेर जाऊन बसल्या.

आता मावशी आमच्याबरोबर राहतात. डोळ्यांनी फार कमी दिसतं. माझी बायको जेवायला वाढते तेव्हा त्या कधीकधी नवऱ्याचा विषय काढतात. त्यांना सगळं येत व्हतं, मनात आणलं असतं तर एका दुपारचं काम व्हतं, दगडाचं काळीज, असं म्हणतात आणि दोन घास जास्त जेवतात. मी ऐकतो. साहेबांनी तुम्हाला कधी काही सांगितलं का, असं त्यांनी विचारलं तर ती ओळ मला माहीत नाही असं मी सांगतो, आणि ते खरं आहे.

यंत्र उस्तादांच्या दुकानात सुटं होऊन गेलं. कॅसेट्स माझ्याकडे आहेत, त्यांच्या पट्ट्यांना बुरशी आली आहे. मावशींचा राग शाबूत आहे.